एका परातीतले हात

उज्ज्वला चौगुलेला उसाचा रस चालत नाही. एक घोट पोटात गेला की घसा धरतो आणि पुढं बोलती बंद, हे सांगलीतल्या तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून क्रेडिट कार्डाच्या बिलात मिरजेच्या रसवंतीगृहाचं नाव दिसलं तेव्हा तिला आधी हसूच आलं. मग तिनं पुढं वाचलं. दत्तकृपा ट्रेडर्स, मिरज. एम. एस. सर्व्हिसेस, मिरज. पुन्हा दत्तकृपा. पुन्हा रस. आणि एक सुती टोपी, तीही मिरजेचीच. तिचं हसू ओसरलं. गेल्या दिवाळीपासून तिनं मिरजेत पाऊल टाकलेलं नव्हतं.

खरेदी झाली की फोनवर येणारा टुणटुण निरोप तिनंच बंद करून ठेवला होता. सगळा दिवस हात पिठात, फोन उचलणार कोण? त्यामुळे महिनाभर कुणीतरी तिच्या नावावर मिरजेत हिंडत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"अक्का," तिनं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली, "माझ्या कार्डावर कोण तर मिरजेत मजा मारायलंय बघा!"

अक्का म्हणजे शालन, उज्ज्वलाची थोरली जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. थोरला तरुणपणीच गेला, धाकटा बऱ्याच वर्षांनी. मागं राहिल्या या दोन जावा, उज्ज्वलाची मुलगी ऋतुजा आणि सासूनं शिकवलेले अनारसे. अक्काला मूल नव्हतं, त्यामुळे ऋतुजाला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं ते बहुतेक अक्कानंच. आता ऋतुजा पुण्यात नोकरीला होती, तिचं लग्न ठरलं होतं आणि चौगुल्यांचे अनारसे पुण्यामुंबईपर्यंत जात होते. त्यात यंदा ज्येष्ठ अधिक आलेला. अधिकात जावयाला अनारशांचं वाण द्यायचं आणि अनारसे घरी करायचे नाहीत, अशी आता सगळीकडं पद्धत पडलेली. वैशाखातच दोघींना मान वर करायला फुरसत नव्हती.

"काय काय घेतलंय म्हणं?" परातीतून नजर न काढता अक्कानं विचारलं.

"उसाचा रस. आणि टोपी."

अक्काचा हात थांबला. मग परत मळायला लागला.

"चोर उन्हाचा हिंडत असंल," ती म्हणाली.

*

क्रेडिट कार्डाचं बिल म्हणायचं, पण कार्ड आता कुणाजवळ राहिलेलं नव्हतं. ते हद्दपार झालं त्याला चोरच कारणीभूत. आधी चोरांनी कार्डांचे नंबर पळवले, मग यंत्रांच्या मदतीनं माणसांचे आवाज पळवले, मग चेहरे. फोटोवरून बोटांचे ठसे उचलून रबराची बोटं तयार करण्यापर्यंत मजल गेली. बँकांनी हात टेकले. तेव्हा कुणा शास्त्रज्ञांनी त्यांना हाताचीच आठवण करून दिली.

माणसाचा तळहात कितीही स्वच्छ धुतला तरी तो कधी रिकामा नसतो. त्याच्यावर शेकडो जातींचे सूक्ष्म जीव नांदत असतात. कुठली जात किती, याचं प्रमाण प्रत्येकाचं निराळं. धुतलं तर काही वेळापुरती पांगापांग होते, पुन्हा कातडीच्या खोबणींतून तेच जीव वर येऊन तीच वस्ती बसवतात. चेहऱ्याची नक्कल करता येते, जिवंत वस्तीची करता येत नाही. दुकानातल्या काचेवर तळवा ठेवला की काच त्याच्यावरचा कणभर ऐवज ओढून घेते, त्यातली जनुकं वाचते आणि हा हात कुणाचा ते सांगते. याला नाव दिलं जीवखूण. औषधं, बसचं तिकीट, दवाखान्याचा दरवाजा, सगळं तळव्यावर उघडायला लागलं. वस्ती ऋतूप्रमाणे थोडीथोडी बदलते, म्हणून प्रत्येक वेळी यंत्र जुनी खूण जरा सारून नवी नोंदवून ठेवतं. लोकांना हे फार सोयीचं वाटलं. सोयीच्या गोष्टीला शंका विचारायची आपल्याला सवय नाही.

बँकेतल्या तक्रार खिडकीवर हेरवाडे नावाचे साहेब होते. माणूस वाईट नव्हता, फक्त पडद्यावर जे दिसतं तेवढंच खरं मानणारा होता.

"मावशी, हे व्यवहार तुमच्याच हातानं झालेत."

"मी रस पीत नाही हो साहेब!"

"ते यंत्राला माहीत नसतंय," हेरवाडे म्हणाले. "खूण तुमच्या खुणेशी जुळलेली आहे. बाहेरच्या माणसाची इतकी जुळणं शक्यच नाही. जुळली तर एका घरात राहणाऱ्याची, एका टॉवेलला हात पुसणाऱ्याची जुळेल. तीसुद्धा क्वचित." मग त्यांनी आवाज उतरवला. "घरात कोण असतं तुमच्या?"

"मी आणि माझी जाऊ."

"त्या मिरजेला जातात?"

"अक्का? ती गणपती पेठेच्या पुढं जात नाही," उज्ज्वला म्हणाली आणि म्हणता म्हणता अडखळली. कारण गेले काही आठवडे अक्का मंगळवारी दुपारी घराबाहेर पडत होती. विश्रामबागेत भजनाला जाते म्हणायची. परत यायची तेव्हा चेहरा उतरलेला असायचा, जेवण नको म्हणायची. एवढं दमवणारं भजन कुठलं असतं, हा प्रश्न उज्ज्वलाला आजवर पडला नव्हता. आता पडला आणि तिचं तिलाच बरं वाटेना.

*

संध्याकाळी तिनं विचारलं. सरळ विचारायचा धीर नव्हता, म्हणून गूळ किसता किसता आडून विचारलं.

"अक्का, मिरजेला गेल्तासा का मधी?"

"मिरजंला? मी कशाला मरायला जातीया मिरजंला?" अक्कानं डोक्यावरचा पदर घट्ट ओढून घेतला. हल्ली ती घरातही पदर खाली पडू द्यायची नाही.

"न्हाई, आपलं विचारलं."

"तू का विचारायलीस ते कळतंय मला," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "चोरी कराय मला मिरज कशाला पाहिजे? तुझा पैशांचा डबा हितंच हाय की."

उज्ज्वला शरमली. पण अक्का खोटं बोलतेय हेही तिला त्याच क्षणी कळलं. एका परातीत हात घालून जन्म काढलेल्या माणसाचं खोटं लगेच कळतं. अक्का खोटं बोलली की डाव्या हातानं पीठ मळायची. ती आत्ता डाव्या हातानं मळत होती.

ऋतुजाला फोनवर सांगितलं तर ती उसळलीच. "मम्मी, तू लिहून दे. मोठीमम्मीनं केलं असेल असं मी म्हणत नाही गं. पण कुणीतरी तिच्याकडून करून घेत असेल तर? भजनातली कुणी बाई? म्हाताऱ्या बायकांना गुंडाळणारे किती फिरतात माहितेय? चौकशी झाली तर तिचीच सुटका होईल."

मुलगी शिकलेली. तिचं बोलणं पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी उज्ज्वला बँकेत गेली. हेरवाड्यांनी पडदा तिच्याकडं वळवला. "व्यवहार माझे नाहीत" याच्यापुढं ती हो म्हणाली. "संशयित व्यक्ती" याच्यापुढची जागा रिकामी ठेवून चालत नव्हतं, पडदा पुढं सरकतच नव्हता. तिनं शालन चौगुले हे नाव उच्चारलं. मग काचेवर तळवा ठेवला. काच हिरवी झाली.

"आता काय हुईल साहेब?"

"काही नाही. फक्त चौकशी."

*

चौकशी सुरू झाली की संशयिताचा हात गोठवतात, हे हेरवाड्यांनी सांगितलं नव्हतं. खरं तर त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. काही दिवसांची तर गोष्ट.

त्या मंगळवारी अक्का भजनाला म्हणून गेली ती उन्हं कलली तरी आली नाही. शेवटी आली तेव्हा पायातल्या चपला हातात होत्या आणि साडीचा काठ मातीनं भरलेला. दारातच भिंतीला टेकून बसली. उज्ज्वला पाणी घेऊन धावली.

"कुठनं चालत आलासा?"

"मिरजंहून," अक्का म्हणाली. आता लपवण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. "जाताना बस मिळाली. वाहकानं बघितलं बी न्हाई, काच बिघडलीय म्हणला, बसा. दवाखान्याच्या दाराला नाव सांगून हात लावला तर दार उघडंना. परत लावला. लाल झालं आणि बोंबलायला लागलं. माणसं बघायला लागली गं. शिपाई म्हणला, आजी, तुमच्या हातावर फसवणुकीची तक्रार हाय. मी म्हणलं, बाबा, माझं सलाईन हाय आज. तो तरी काय करणार? परत येताना बसवाला बी हात घीना."

"कसलं सलाईन?"

अक्कानं पदर खाली घेतला. डोक्यावर सुती टोपी होती. टोपीखाली केस नव्हते.

 उज्ज्वलाच्या हातातलं पाणी तसंच राहिलं.

"छातीत गाठ हाय," अक्का म्हणाली. "ऋतुजाचं लग्न होऊ दे, मग सांगणार होते. अधिकाची एवढी कामं तोंडावर, त्यात तू रडत बसली असतीस. सलाईन सरकारी योजनेत मिळतंय, वरची औषधं तेवढी मी दत्तकृपातनं घेत्ये, तपासणी एम. एस.मधी. माझ्या पैशांनी घेत्ये. सलाईन झालं की तोंड कडू हुतंय, म्हणून ग्लासभर रस पीत्ये, एवढंच." मग ती उज्ज्वलाकडं बघत राहिली. "उज्जे, मी माझाच हात लावला हुता गं. दुसऱ्याचा कसा लावू?"

"माझंच चुकलं, अक्का," उज्ज्वला म्हणाली आणि तिला जोराचं रडू फुटलं. "मीच तुमचं नाव घातलं."

अक्कानं हातातल्या चपला बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "ते पाणी दे आधी. घसा वाळलाय."

*

तक्रार मागं घेता येत नव्हती. एकदा सुरू झालेली चौकशी प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय बंद होत नाही, असा नियम. हेरवाडे खरंच धावपळ करत होते. दिवसातून तीनतीनदा वरच्या कचेरीत फोन लावत होते. दवाखान्यानंही आपल्या परीनं मार्ग शोधला, पण एक सलाईन चुकलं ते चुकलं. डॉक्टर म्हणाले, बघू, पुढच्या वेळी जोर लावू.

प्रयोगशाळेतून डॉ. समिधा केसरकर आल्या. वय तिशीच्या आतबाहेरचं, बोलणं शांत. त्यांनी दोघींच्या तळव्यांवरून कापूस फिरवला, परातीतलं पीठ घेतलं, हात पुसायचा तुपकट फडकाही पिशवीत घातला. मग काम कसं चालतं ते विचारलं.

उज्ज्वलानं सांगितलं. तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून सावलीत सुकवायचे, ओलसर असतानाच दळायचे. मग गूळ आणि तूप घालून दोघींनी एकाच परातीत समोरासमोर बसून मळायचं आणि गोळे करून मुरत ठेवायचे. मागच्या वेळचा एक गोळा राखून ठेवायचा आणि तो नव्या पिठात मुरवायचा, ही या घरची चाल. सासूच्या सासूपासून तो गोळा चालत आलेला. आणि पीठ मुरेपर्यंत हाताला साबण लावायचा नाही, नुसतं तुपाच्या फडक्याला पुसायचं. साबण लावला तर अनारसा हसतो. म्हणजे तुपात सोडला की फिसकटतो.

"खूण नोंदवायला बँकेत गेलात तेव्हाही साबण लावला नव्हता?"

"त्यांनीच सांगितलेलं, धुवू नका, रोजचे हात घेऊन या," उज्ज्वला म्हणाली. "परातीवरनं उठून तशाच गेलो दोघी."

डॉ. केसरकरांनी मान हलवली. अहवाल आल्यावर त्या पुन्हा आल्या आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी दोघींना समजेल असं सांगितलं. आंबवलेल्या पिठात काम करणाऱ्याच्या हातावर पिठातले जीव कायमचे राहायला येतात, हे शास्त्राला आधीपासून माहीत होतं. यंत्र बनवणाऱ्यांनी तेवढा विचार केला नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढं कचेरीतली माणसं होती. या दोघींच्या तळव्यावर निम्मी वस्ती परातीतली, म्हणजे दोघींची सारखी. उरलेली निम्मी जिची तिची. त्या उरलेल्या निम्म्यावर यंत्र इतकी वर्षं दोघींना वेगळं ओळखत होतं.

"मग आता काय झालं?" उज्ज्वलानं विचारलं.

"यांचं औषध सुरू झालं." डॉक्टरीणबाई अक्काकडं न बघता बोलल्या. "गाठीवरच्या औषधानं कातडीचा घाम बदलतो, तेलकटपणा बदलतो. जोडीला जंतुनाशक गोळ्या होत्या. यांच्या हातावरची स्वतःची जी वस्ती होती ती मरून गेली. परातीतली तेवढी टिकली, कारण ती रोज नव्यानं मिळत होती. यंत्रानं शोध घेतला, आणि या हातावर शालनबाईंचं असं त्याला काही सापडलंच नाही. जे सापडलं ते सगळं तुमच्याशी जुळत होतं. म्हणून खर्च तुमच्या नावावर लागला. फसवणूक कुणीच केलेली नाही."

 अक्का खुदकन हसली.

"म्हंजे माझ्या हातावर माझं काईच ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "हिचंच सगळं."

तिला त्यात गंमत वाटली होती. उज्ज्वलाला ती अजिबात वाटली नाही.

*

सुटका झाली, पण सुटकेलाही नियम होता. दोन खातेदारांच्या खुणा एकमेकींत मिसळल्या तर त्या वेगळ्या होईपर्यंत कुणाचाच हात चालत नाही. वेगळ्या व्हायला हात वेगळे राहायला हवेत. एक परात नाही, एक टॉवेल नाही, एक घर नाही. अक्काला तर दवाखान्याचं दार दर मंगळवारी उघडायला हवं होतं.

दवाखान्याजवळ मिरजेत एक खोली मिळाली. अक्कानं दोन साड्या, पोथी आणि टोपी एवढंच बरोबर घेतलं. निघताना सवयीनं तिचा हात पिठाच्या डब्याकडं गेला आणि तिनं तो आखडून घेतला.

"मी बी चलते, अक्का."

"आणि अधिकाचं वाण कोण करणार? लोकांचे जावई रुसून बसतील." मग तिनं उज्ज्वलाच्या तोंडाकडं बघून आवाज मऊ केला. "नाव घातलंस त्याचा राग न्हाई मला. मी खोटं बोलले, तू नाव घातलंस. दोघी सारख्याच." दार ओलांडताना मात्र ती म्हणाली, "विचारायचं हुतंस गं सरळ. टोपी काढून दाखवली असती."

उज्ज्वलाला हे वाक्य पुढं आयुष्यभर पुरलं.

अधिक सुरू झाला. बँकेच्या सूचनेप्रमाणे ती रबरी हातमोजे घालून मळायला लागली, पुन्हापुन्हा साबणानं हात धुवायला लागली. पीठ मळून व्हायचं, पण तुपात सोडलं की अनारसे हसायचे. कढईभर जाळी जाळी होऊन तरंगायचे. खसखस जळायची. निम्मी मागणी तिनं परत फिरवली. सासूची चाल खरी की खोटी, हे कळायला मार्ग नव्हता. कदाचित पीठ मुरायला ते जीवच लागत असतील. कदाचित तिचं लक्षच नव्हतं. जुन्या, चार हातांच्या पिठाचा एक गोळा तिनं पळसाच्या पानात गुंडाळून फ्रीजच्या कोपऱ्यात ठेवून दिला. तो वापरायला तिचं मन धजेना.

ऋतुजा पुण्याहून येऊन मिरजेत राहिली. तिच्या हाताला बंधन नव्हतं. ती अक्काच्या पायांना तेल लावायची, केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवायची. तिनं आईला एकदा विचारलं, "मी तुला नाव घालायला लावलं, ते मोठीमम्मीला माहितेय?"

"न्हाई," उज्ज्वला म्हणाली. "आणि तू सांगू नकोस. माझ्या एकीवर ओझं हाय तेवढं पुरे."

उज्ज्वला भेटायला जायची ती हातमोजे घालून. दवाखान्याच्या दाराशी शिपाई ते तपासायचा. एकदा ती मोजे काढायला गेली तर अक्काच ओरडली, "नको! परत दार बंद पडंल माझं." मग दोघी बोलत बसायच्या. मध्ये रबर. अक्का हळूहळू कमी बोलायला लागली. चुकलेल्या सलाईनमुळे आजार वाढला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाही, असंही म्हणाले नाहीत. उज्ज्वलानं विचारायचं सोडून दिलं.

श्रावण संपता संपता अक्का गेली. त्या दिवशी उज्ज्वला तिथंच होती, हातात हात होता, आणि हातावर मोजा होता. माणूस गेल्यावर तो काढायला हरकत नव्हती. तिनं काढला. पण तोवर अक्काचा हात परिचारिकेनं औषधी पाण्यानं स्वच्छ पुसून घेतला होता. त्याला कसलाच वास नव्हता, ना गुळाचा, ना तुपाचा.

*

खातं बंद करायला उज्ज्वला बँकेत गेली. हेरवाडे खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांना काही बोलायचं होतं, पण जमलं नाही, म्हणून ते कामाचं बोलले. जिवंत माणसाची शेवटची खूण तेवढी राहते, मेलेल्या माणसाच्या मात्र सगळ्या खुणा, पहिल्या दिवसापासूनच्या, यंत्र जपून ठेवतं. त्याच्या नावावर पुढं कुणी खरेदी करू नये म्हणून.

"आणि तुमचं आता पूर्ण व्यवस्थित आहे, मावशी," त्यांनी पडद्याकडं बघून सांगितलं. "तुमची खूण स्वच्छ वेगळी आलीये. त्यांच्या खुणेशी काही म्हणजे काही संबंध नाही."

त्यांनी हे धीर द्यायला सांगितलं होतं. उज्ज्वलानं मान हलवली आणि ती घरी आली.

दिवाळी जवळ आली तशी मागणी यायला लागली. ती नको म्हणत होती. पण ऋतुजाची लग्नानंतरची पहिली दिवाळी. अक्का गेली त्याच वर्षी करायचं म्हणून लग्न मुहूर्त न बघता मोजक्या माणसांत उरकलेलं. जावयाच्या ताटात विकतचे अनारसे वाढायचे हे काही तिला पटेना. तिनं तांदूळ भिजत घातले, निथळले, दळून आणले. मग फ्रीज उघडला.

गोळा कडक झाला होता, पण आतून ओलसर होता. वासही तोच. उज्ज्वलानं हातमोजे केराच्या डब्यात टाकले. परात ओढली, तिच्यासमोर बसली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडं न बघता गोळा नव्या पिठात कुस्करायला लागली. दिवसामागून दिवस ती तेच पीठ घोळवत राहिली, थोडं मुरू द्यायचं, पुन्हा मळायचं. हाताला साबण लावला नाही. फडक्याला पुसत राहिली. फडकंही जुनंच होतं, धुतलेलं नव्हतं.

पहिला अनारसा तुपात सोडला तो हसला नाही. गोल राहिला, वर छान जाळी पडली. उज्ज्वलानं तो ताटलीत काढून अक्काच्या फोटोपुढं ठेवला आणि ढसाढसा रडली. मग खसखस संपली म्हणून पदरानं डोळे पुसून कोपऱ्यावर आवट्यांच्या दुकानात गेली. हात पुसला नाही.

आवट्यांनी खसखशीची पुडी बांधली. उज्ज्वलानं काचेवर तळवा ठेवला.

काच हिरवी झाली नाही. लालही झाली नाही. बराच वेळ नुसती पांढरी राहिली. मग यंत्रातली ती गोड आवाजाची बाई बोलली, "क्षमस्व. या हाताचे खातेदार हयात नाहीत."

दुकानात दोनचार गिऱ्हाईकं होती, ती वळून बघायला लागली. आवटी ओशाळले. "वहिनी, बिघडलंय वाटतं. जरा पाण्यानं हात धुता का? नळ आहे इथं मागं. धुवून परत ठेवा, घेईल."

उज्ज्वलानं तळवा उचलून डोळ्यांपुढं धरला. रेषांत पीठ अडकलं होतं. तिला वाटलं, अक्काला सरळ विचारायचं राहिलं होतं ते आता विचारावं. पण भरल्या दुकानात काय विचारणार?

"राहू दे, भाऊ," ती म्हणाली. "बरोबर वाचलंय त्यानं."

पुडी तिनं तिथंच ठेवली. उजवा हात साडीला लागून पुसला जाऊ नये म्हणून तो अंगापासून लांब धरून ती घरी चालत आली.